पवळ्या माळावर आला

धाकूबाबांनी ट्रॉलीचा फाळका पाडला आणि मेलेल्या बैलाच्या शिंगांवरून हात फिरवला. "पोरा, माझा पवळ्या आणलाय. बांधावर पुरला असता, पण म्हटलं, तुझ्या गिधाडांच्या पोटी जाऊ दे."

माझा चेहरा उजळला असावा. आमची संस्था राज्यात जागोजागी असे माळ राखते आणि मेलेली गुरं तिथं गिधाडांसाठी ठेवते. या माळावर वर्षानुवर्षं फक्त कावळे आणि कुत्रीच येत होती. आज मात्र वर गिधाडं घिरट्या घालत होती.

"आजारात औषध काय दिलं होतं, बाबा?" प्रत्येकाला विचारायचा प्रश्न मी विचारला.

"काल लई तडफडत व्हता रं. बघवंना. मग तालुक्याहून माणसांचं दुखण्यावरचं इंजेक्शन आणलं नि टोचलं. नंतर शांत निजला."

ते औषध जनावराच्या मांसात उरतं, आणि ते मांस खाल्लेलं गिधाड काही दिवसांत मरतं. हे सांगताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

"मग त्याला तसाच तडफडत ठिवायचा व्हता का?" बाबांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत पहिलं गिधाड पाय सोडून खाली येऊ लागलं. मी दगड उचलला, बाबांनी खांद्यावरचं घोंगडं. ज्यांच्यासाठी मी इतकी वर्षं आभाळाकडे डोळे लावून बसलो होतो, त्यांना आम्ही दोघं बेंबीच्या देठापासून ओरडून हाकलत होतो.

आणि ती खरोखरच चालली होती.