शुद्ध उच्चार

अनसिंगचे गोविंदबाबा लंडनमध्ये वाढलेल्या नातीला दर रविवारी फोनवर टोकायचे. ती तिथल्या इंग्रजांसारखं 'नमो बूडाय' म्हणायची आणि स्वतःचं धम्मदीपा हे नावसुद्धा 'डामाडीपा' करून सांगायची.

आज मात्र अनोळखी नंबरवरून स्वच्छ आवाज आला, "नमो बुद्धाय, आजोबा. मी धम्मदीपा बोलतेय."

गोविंदबाबांच्या मनात पाल चुकचुकली. आवाजाची नक्कल करून म्हाताऱ्यांना फसवणाऱ्यांबद्दल त्यांनी कालच पेपरात वाचलं होतं.

"कोन बोलून राह्यली तू?"

"आजोबा, खरंच मीच आहे!"

"माह्या नातीले अजून बुद्धाचं नाव धड घेता येत नाही, अन् तू त भंतेजीवानी बोलून राह्यली! मले येडा समजली काय? पोलिसात देईन!"

ते फोन कापणार, तोच पलीकडून त्यांच्या मुलाचा, प्रसेनजितचा आवाज आला.

 

"बाबा, हा माहा नवा नंबर हाये. तुमच्यासाठीच उच्चाराचा क्लास लावला होता न तिनं! आता रडून राह्यली. म्हनते, आजोबाले जुनीच नात पायजे."