मिरचीची पुरचुंडी

गिरणीचा संप चिघळला तसा राजाराम मुंबई सोडून पालीजवळच्या घरी परतला. तेव्हापासून दरवर्षी तो मिरचीचं बी भिजवून त्याची पुरचुंडी कनवटीला खोचायचा. बायको, मैना, हसली की म्हणायचा, "मान्साची ऊब मिळाली की मोड लवकर येतात."

यंदा शिमग्यात राजाराम वारला. मैनाने बी त्याच्याच जुन्या बंडीच्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवलं. मोड आल्यावर खिडकीतल्या डालड्याच्या डब्यात पेरलं.

रोपं वर आली, पण उजेडाकडे पाठ करून. सकाळी ती पडवीकडे झुकायची, जिथे राजाराम चहा प्यायचा. दुपारी त्याच्या जेवणाच्या पाटाकडे. मैनाने डबा फिरवून पाहिला; रोपंही फिरली. मग ती रोज पाट पुसून मांडू लागली.

आज भाकरी थापताना तिची नजर डब्याकडे गेली. सगळी रोपं तिच्याच दिशेने वाकली होती.

मैनाने मागे वळून पाहिलं नाही. "अवो, जरा दमानं. तवा तापलाय," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात तिच्या कनवटीला कुणीतरी ओली पुरचुंडी खोचली.