जिन्यावरची टाच

हंगामात तिसऱ्या खेळाडूची टाचेमागची शीर तुटली, तेव्हा क्लबने आधी मैदानाला दोष दिला, मग बुटांना. मी संघाची फिजिओ. मला माहीत होतं, ही मुलं दुखणं लपवून खेळतात.

म्हणून फायनलच्या सकाळी मी हॉस्टेलच्या जिन्याखाली उभी राहिले. दुखरी टाच सकाळी पायऱ्या सरळ उतरू देत नाही. कॅप्टन कठडा धरून तिरका तिरका उतरला.

“हा आज खेळणार नाही,” मी म्हणाले.

“डॉक्टरांना सांगून दुखणं मारायचं इंजेक्शन द्या त्याला!” वरून कोच घोरपडे ओरडले. “मीही असाच फायनल खेळलोय.” आणि तावातावाने खाली निघाले. कठडा धरून, तिरके तिरके.

“नाही सांगणार. त्यानंतर किती सामने खेळलात, सर?”

ते मध्येच थांबले. कॅप्टन त्यांच्या पायांकडे बघत होता.

“राखीव खेळाडूला बूट घालायला सांगा,” ते म्हणाले.