मास्तरांचा कान

"पक्षी बघायला निघालात की त्यांची हजेरी घ्यायला?" नवऱ्याच्या मानेवर मलम चोळता चोळता बायकोने विचारलं.

चष्मेवाल्याने मान आणखी पुढे केली. भिंगं घासण्यात जन्म गेला आणि मानेला उसण जडली, ती जडलीच. बायकोचं बरं होतं. चहा घेऊन गच्चीत बसायची, समोर येईल तो पक्षी बघायची, नाव ठाऊक नसलं तरी तिचं काही अडत नसे. रानात पक्षी मोजण्याची ती वार्षिक स्पर्धा नसती तर तोही आज तिच्याशेजारीच बसला असता.

पण मास्तरांना नाही म्हणणार कोण? गाणं शिकवण्यात मास्तरांची हयात गेलेली. चष्मेवाल्याचा डोळा आणि मास्तरांचा कान, या जोडीने तीनदा करंडक पटकावला होता. नियम साधा होता. दिसलेला किंवा ऐकलेला पक्षी दोघांनीही कबूल केला तरच धरायचा.

घोडं पेंड खात होतं ते तिथेच. मास्तर बोट वर करून "ऐकलंस?" म्हणायचे, आणि चष्मेवाल्याला काही म्हणजे काही ऐकू आलेलं नसायचं. माणसांचं बोलणं ठीक, पण बारीक शिट्टी कानापर्यंत पोचतच नसे. तरी तो "हो" ठोकून द्यायचा. मास्तरांसारख्या माणसाशी आपण खोटं बोलतो, हे त्याच्या मनाला फार लागायचं.

म्हणून यंदा त्याने गुपचूप कानाचं मशीन घेतलं आणि वर कानटोपी चढवली.

रानात पाऊल टाकलं आणि त्याला भरून आलं. पाचोळा वाजत होता, खार चिरचिरत होती, स्वतःचे बूट करकरत होते. एवढं सगळं आपण इतके दिवस गमावून बसलो होतो! तळ्याकाठच्या झाडाखाली दोघे थांबले. मानेत चमक आली, तशी त्याने ती जराशी कलती केली.

मास्तरांचं बोट वर गेलं. "वटवट्या! ऐकलंस?"

चष्मेवाल्याने जिवाचा कान केला. झाडावर चिटपाखरू बोलत नव्हतं. मशीननेही हात टेकले, त्याला वाटलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने कानटोपी काढली.

"मास्तर, माफ करा. मला पाखरांचं काही ऐकू येत नाही. आजच नाही, कधीच आलं नाही. तुम्ही म्हणायचात म्हणून मी हो म्हणायचो."

बोलून टाकलं आणि छातीवरचं ओझं उतरलं. आता मास्तर काय बोलायचं ते बोलोत.

मास्तर मटकन दगडावर बसले. "कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मग दर वेळी माझ्याआधी मान कलती करून काय ऐकत असायचास?"

"ऐकतोय कुठला? उसण भरते मानेत."

 मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. थर्मास उघडून त्यांनी दोन कप भरले आणि एक चष्मेवाल्याच्या हातात दिला.

"सुटलो रे बाबा एकदाचा," ते म्हणाले. "तुझी मान कलली की मी आपला बोट वर करून तोंडाला येईल ते नाव सांगायचो!"