कुंपणावरचं मत

राज्याची निवडणूक जवळ आली, तसा म्हाताऱ्या शिंपीकाकांचा फोन वाजायला लागला. काकू गेल्यापासून तो इतका मुका होता, की त्याला चार्जिंगला लावायचंही काकांच्या ध्यानात राहत नसे. आता सकाळी एका पक्षाच्या प्रचार कार्यालयातली मुलगी बोलायची आणि दुपारी दुसऱ्या पक्षाचा पोरगा.

"काका, ठरलं का काही?" मुलगी विचारायची.

"तुझं पटतंय गं, पण पाण्याचं काय?" काका खुर्ची ओढून ऐसपैस बसायचे. ती पाण्याचं सांगायची. मग ते रस्त्यांचं काढायचे, आणि रस्ते संपले की दवाखान्याचं. दुपारी त्या पोराचीही अशीच उलटतपासणी व्हायची. मधेच कुणी गुडघ्यांची चौकशी करायचं, कुणी जेवलात का म्हणून विचारायचं. शेवटी दोघांनाही उत्तर एकच मिळायचं, "अजून काही ठरत नाही बघ. उद्या बोलू."

आजही तेच सांगून त्यांनी फोन ठेवला. भाजीची वाटी घेऊन आलेली शेजारीण दारातच थबकली.

"अहो काका, वय झालंय म्हणून परवाच निवडणुकीची माणसं घरी येऊन तुमचं मत घेऊन गेली ना! मीच तर दार उघडलं त्यांना."



"हळू बोल, बाई," काकांनी घाईघाईनं फोन हातानं झाकला. "मत देऊन झालं म्हणून कळलं, तर उद्या मला कोण कशाला फोन करील?"