तांब्याभर पाणी

जोमा कोळ्याने पाय रोवून चौथ्यांदा हिसका दिला, पण खडकात अडकलेला नांगर हलेना. भरती चढत होती आणि ताणलेल्या दोराने होडीचं नाक खाली खेचलं जात होतं.

"हौसा, बोया ओढ गो!" सवयीने तो ओरडला. मागे कोणीच नव्हतं.

वीस वर्षं ते काम बायकोचं. नांगराच्या डोक्याला वेगळी दोरी आणि तिच्या टोकाला तरंगता बोया तीच बांधायची. नांगर अडकला की ती दोरी उलटी ओढायची, नांगर मुकाट वर यायचा. दोन महिन्यांपूर्वी तिचं अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली. आज तो पहिल्यांदाच एकटा निघाला, तेव्हा ती माठाकडे हात करून घशातून कसलेसे आवाज काढत राहिली. "पानी पायजे?" म्हणत त्याने तांब्या भरून उशाशी ठेवला आणि घाईने निघाला.

होडीत पाणी शिरलं, तेव्हा त्याला माठाच्या वरचा खिळा आणि त्यावर टांगलेला बोया आठवला. त्याने कोयत्याने दोर तोडला.

तो घरी आला. तांब्या तसाच भरलेला होता. त्याला बघताच हौसाचा चेहरा खुलला, हात पुन्हा खिळ्याकडे उठला. तिला वाटलं, बोया न्यायलाच तो परत आला.