लग्नापर्यंत थांबलेला निरोप

"तोंड मीट, सिस्तो. एक शब्द नको," म्हणत डोन्या उबाल्दाने खेचरवाल्याला उंबऱ्याबाहेरच अडवलं.

सिस्तोच्या टोपीला दुखवट्याची काळी फीत होती. तिला तेवढं पुरलं. सिस्तो आला होता कीतोहून, आणि कीतोत तिचं रक्ताचं माणूस एकच, धाकटा भाऊ तेल्मो.

तीस वर्षं ही भावंडं सिस्तोच्या जिभेवर बोलत आली होती. उबाल्दाला अक्षर येत नव्हतं, आणि पाद्रीबाबांकडून पत्र वाचून घेणं म्हणजे घरची धुणी चव्हाट्यावर धुणं. म्हणून तेल्मो तिकडे सिस्तोला बोलून दाखवायचा. सिस्तो डोंगर तुडवत ते घोकायचा आणि पोपायानला पोचला की टोपी छातीशी धरून तेल्मोच्याच आवाजात म्हणायचा, खोकल्यासकट. "ताई, पेरूचा पाक पोचला. साखरेत हात आखडलास." उबाल्दाही त्याच्या तोंडावर भांडायची, जणू भाऊच पुढ्यात उभा आहे. "दात पडले की सगळंच अगोड लागतं, तेल्मो." एका गल्लीत राहणारी कित्येक भावंडं एवढं बोलत नाहीत.

पण आज गुरुवार होता, आणि शनिवारी तिच्या लेकीचं, फिदेलाचं लग्न.

दुखवट्याचे हिशेब पोपायानात पोराटोरांना पाठ असतात. आईबापांसाठी वर्ष, भावाबहिणीसाठी सहा महिने. खिडक्या बंद, पियानोवर चादर, आणि लग्नाचं तर नावच नाही. फिदेलाची पहिली सोयरीक आजोबांच्या दुखवट्यात मोडली, दुसरी बापाच्या. दोन्ही नवरदेवांना दम निघाला नाही. एकाची बायको तर वर्ष सरायच्या आत बाळंतसुद्धा झाली. आता फिदेला एकोणतीस वर्षांची होती आणि नवरा बुगा गावचा एक विधुर व्यापारी. दात मोजके, पण वखारी दोन. "माल नाशवंत असला की मी लवकर उचलतो," असं तो साखरपुड्यात म्हणाला, तेव्हा सगळे हसले होते. फिदेला सोडून. हा काही सहा महिने थांबणारा गडी नव्हता.

दुखवट्याला पळवाट एकच. बातमी कानावर पडत नाही तोवर माणूस जिवंत.

"मालकीणबाई, निरोप निकडीचा आहे. तेल्मोसाहेब..."

"नाव घेऊ नकोस!" उबाल्दाने दोन्ही कानांवर हात ठेवले. "वाईट बातमी शिळी होत नाही, सिस्तो. रविवारीही ती एवढीच वाईट असेल. तेव्हा ये. आणि तोवर गावात कुठे बोललास, तर या घरचं एक पोतंसुद्धा पुन्हा तुझ्या खेचरावर चढायचं नाही."

सिस्तोच्या निम्म्या खेचरांवर याच घरचा माल असायचा. शिवाय बाईंना सगळं आधीच कळलेलं दिसतंय, असं त्याला वाटलं. श्रीमंतांना कळतं, कसं कुणास ठाऊक. त्याने खेचर वळवलं. मग आल्या वाटेनेच परत गेला.

शुक्रवारी उबाल्दाने काळा झगा पेटीतून काढून इस्त्री करवला आणि पुन्हा पेटीत ठेवला. शनिवारी ती चर्चमध्ये रडली. लोक म्हणाले, लेकीसाठी. संध्याकाळी अंगणात आकाशबाण उडाले आणि ती व्याह्यांबरोबर नाचलीसुद्धा.

"नवरीचे मामा नाही दिसले ते?" व्यापाऱ्याच्या बहिणीने साखरेत घोळून विचारलं.

"कीतो काय आमच्या परसात आहे?" उबाल्दा म्हणाली आणि पेला उंच केला. "माझ्या तेल्मोच्या तब्येतीसाठी!" सगळे प्याले. तिला काही ठाऊक होतं असं आता कुणाला म्हणता आलं नसतं.

रविवारी सकाळी नवरानवरी बुगाच्या वाटेला लागली. घोडे वळणाआड जाताच उबाल्दाने खिडक्या लावून घेतल्या, काळा झगा चढवला आणि सिस्तोला बोलावणं धाडलं. तो आला, तेव्हा ती रुमाल घेऊन खुर्चीत तयार बसली होती.

"बोल आता. कधी गेला माझा भाऊ? त्याचा शेवटचा निरोप त्याच्याच आवाजात सांग."

सिस्तोने टोपी छातीशी धरली. तेल्मोचा खोकला खोकला.

"ताई, तुला चकित करायला निघालो होतो. म्हटलं, फिदेलाला चर्चमध्ये मामाने न्यावं. पण वाटेत ताप भरला. नदीपलीकडच्या टेकडीवर, सराईत पडलोय. खेचरावर बसवत नाही. तुझं घर इथून दिसतंय. मळ्यावरचे, पाठीवरच्या खुर्चीतून माणूस वाहणारे हमाल पाठव, अन् वैद्यालाही. तुझ्या हातचं काहीतरी गरम पोटात गेलं की उठेन."

रुमाल खाली पडला.

"अरे मेल्या, मग ती काळी फीत?"

"माझी बायको गेली, मालकीणबाई. पावसाळ्यात."

"म्हणजे जिवंत आहे तो!" उबाल्दा उठलीच. "अरे कोण आहे तिकडे? हमालांना हाका मारा! खुर्ची काढा! चल सिस्तो, उभा काय राहिलास?"

सिस्तो जागचा हलला नाही.

"काल रात्री गेले," तो आता स्वतःच्या आवाजात म्हणाला. "गुरुवारपासून विचारत होते, निघाले का हमाल. मी म्हणायचो, निघाले, निघाले. पण शेवट सुखाचा झाला, मालकीणबाई. अंधार पडला अन् तुमच्या अंगणातून आकाशबाण सुटले. मी त्यांना टेकवून बसवलं. आभाळाकडे बघत म्हणाले, 'बघ सिस्तो, ताईला निरोप पोचला. मी आलो म्हणून उडवतेय.'"